आहारतज्ज्ञ कसं व्हायचं? शिक्षण, इंटर्नशिप आणि नोंदणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि दरवर्षी काही इंटर्न मुलामुलींना हाताशी घेऊन शिकवते. बारावीचे निकाल लागले की पालकांचे फोन येतात, पदवीच्या परीक्षा संपल्या की विद्यार्थ्यांचे. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ती भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या परिस्थितीला धरून आहेत. परदेशी जाणाऱ्यांसाठीचं उत्तर पुढे आहे.

आहारतज्ज्ञ, न्यूट्रिशनिस्ट, डाएट कोच हे सगळे एकच ना?

नाही. आहारतज्ज्ञ म्हणजे डाएटिशियन. आजारी माणसाच्या उपचाराचा भाग म्हणून त्याचा आहार ठरवायचं शिक्षण त्यांनी घेतलेलं असतं. डायलिसिसवरचा रुग्ण, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेला रुग्ण, आयसीयूत नाकातल्या नळीवाटे आहार चालू असलेला रुग्ण, टाइप १ मधुमेह असलेलं सहा वर्षांचं मूल, ही सगळी आमची माणसं. न्यूट्रिशनिस्ट किंवा पोषणतज्ज्ञ हा शब्द त्याहून व्यापक आहे. सार्वजनिक आरोग्य, क्रीडा, संशोधन, अन्न उद्योग अशा क्षेत्रांतले लोक त्यात येतात आणि त्यांच्यातही उत्तम शिकलेली माणसं आहेत. ‘डाएट कोच’ला मात्र ठरलेली पात्रता नाही. चार आठवड्यांचा कोर्स केलेली व्यक्तीही स्वतःला तसं म्हणवून घेऊ शकते.

त्यामुळे ‘मला या क्षेत्रात यायचंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, तुम्हाला आजारी माणसांसोबत काम करायचंय का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

बारावीला सायन्सच हवं का? बायोलॉजी नसेल तर?

सायन्स आणि त्यात बायोलॉजी घ्या. आजवर काही विद्यापीठांत गृहविज्ञानाच्या पदवीला इतर शाखांतूनही प्रवेश मिळत आला आहे आणि तिथून पुढे जाऊन चांगलं काम करणाऱ्या मैत्रिणी मला आहेत. पण त्यांना पहिल्या दोन वर्षांत रसायनशास्त्राने किती रडवलं तेही मी पाहिलंय. शिवाय हा व्यवसाय आता आरोग्यसेवेच्या कायद्याखाली आला आहे (त्याबद्दल खाली सविस्तर), त्यामुळे विज्ञान शाखेचा आग्रह वाढतच जाणार.

नीटमध्ये मनासारखे गुण न पडल्यामुळे बरीच मुलं इकडे वळतात. त्यात कमीपणा काही नाही. फक्त ‘डॉक्टर नाही तर निदान हे’ असं मनात धरून येऊ नका, कारण त्या मनःस्थितीत वॉर्डमध्ये रमता येत नाही.

पदवी कोणती घ्यायची? बी.एस्सी. होम सायन्स, बी.एस्सी. न्यूट्रिशन, फूड टेक्नॉलॉजी... गोंधळ होतो.

होतोच. नावं अनेक असली तरी तपासायची गोष्ट एकच: अभ्यासक्रमात शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानवी पोषण आणि उपचारात्मक आहारशास्त्र हे विषय आहेत का, आणि रुग्णालयाशी काही संबंध येतो का. ‘अन्न, पोषण आणि आहारशास्त्र’ अशा नावाची बी.एस्सी. किंवा गृहविज्ञानातली पोषणाची विशेष शाखा हे सरळ रस्ते. फूड टेक्नॉलॉजी वेगळी. तिथे अन्नप्रक्रिया, पॅकिंग आणि कारखाना शिकवतात. चांगली शाखा आहे, पण तिथून रुग्णालयात येणं वळणाचं आहे.

शुद्ध रसायनशास्त्र, जीवशास्त्र, नर्सिंग किंवा बी.ए.एम.एस.नंतरही या विषयात पदव्युत्तर शिक्षणाला काही ठिकाणी प्रवेश मिळतो. मात्र पुढे व्यावसायिक नोंदणीच्या वेळी मूळ पदवी पाहिली जाते. म्हणून प्रवेश घेण्याआधीच ते विचारून घ्या, फी भरल्यावर नको.

महाराष्ट्रात कुठे शिकता येतं?

मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचं जुहूचं गृहविज्ञान महाविद्यालय आणि न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन ही जुनी, नावाजलेली ठिकाणं. माटुंग्याचं डॉ. बी.एम.एन. महाविद्यालयही आहे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं आणि गृहविज्ञान तिथे रुजलं, वाढलं. आपल्याकडच्या कितीतरी आहारतज्ज्ञ त्या परंपरेतून आल्या. नागपूर आणि अमरावतीकडे गृहविज्ञानाचं शिक्षण जुनं आहे, नागपुरात एल.ए.डी. महाविद्यालय आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात तोच विषय आता सामुदायिक विज्ञान या नावाने शिकवतात. पुण्यात सरकारी, खासगी आणि अभिमत विद्यापीठांचे पर्याय मिळतात.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, म्हणजे एन.आय.एन., जरूर पाहा. १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरीच्या संशोधनासाठी एका छोट्या जागेत सुरू झालेलं हे काम १९५८ मध्ये हैदराबादला आलं. तिथे उपयोजित पोषण या विषयात एम.एस्सी. करता येते. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, दिल्लीचं लेडी आयर्विन महाविद्यालय, कोइंबतूरचं अविनाशीलिंगम ही नावंही या क्षेत्रात आदराने घेतली जातात.

कॉलेज निवडताना इमारतीकडे कमी बघा. त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिपसाठी कुठल्या रुग्णालयात पाठवतात, किती खाटांचं रुग्णालय आहे, तिथे शिकवणारी आहारतज्ज्ञ आहे की नाही, हे आधीच्या बॅचच्या मुलींना फोन करून विचारा.

एम.एस्सी. करावी की पदव्युत्तर डिप्लोमा?

जमत असेल तर एम.एस्सी. डिप्लोमा एका वर्षात होतो, खर्च कमी येतो आणि त्यावर नोकरी मिळालेल्याही अनेक जणी आहेत. पण मोठी रुग्णालयं, अध्यापन, संशोधन आणि परदेश, सगळीकडे आता एम.एस्सी.ला पसंती आहे. घरची परिस्थिती बेताची असेल तर डिप्लोमा करून नोकरी धरा, पण नियमित एम.एस्सी.ची वाट मनातून पुसू नका.

अभ्यास खरंच अवघड असतो का? आहारच तर शिकायचा आहे.

हे वाक्य मी पाहुण्यांकडून, रिक्षावाल्याकडून आणि एकदा एका डॉक्टरांकडूनही ऐकलंय.

एक उदाहरण देते. मूत्रपिंडाचा आजार आहे पण डायलिसिस सुरू झालेलं नाही, अशा रुग्णाची प्रथिनं आम्ही कमी करतो. वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम. त्याच माणसाचं डायलिसिस सुरू झालं की गणित उलटतं आणि दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, कारण डायलिसिसमध्ये ती वाहून जातात. आता हा माणूस दोन वर्षं ‘डाळ बंद, अंडी बंद’ ऐकत आलेला. त्याला कुणी नीट समजावलं नाही तर तो तसाच जेवत राहतो, दंड बारीक होत जातात आणि घरच्यांना वाटतं की आजारानेच झिजला. साठ किलोच्या शाकाहारी माणसाला दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं द्यायची, पण पोटॅशियम आणि फॉस्फरस वाढू द्यायचे नाहीत, पाणीही मोजून द्यायचं. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅमच प्रथिनं असतात. काढा गणित. असं गणित आम्ही रोज करतो.

तसंच औषधांचं. वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावरच्या रुग्णाने पालेभाजी एका आठवड्यात भरपूर आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं केलं तर औषधाचा परिणाम डळमळतो. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर आहार दिला तर रक्तातलं फॉस्फेट घसरून त्याच्या जिवावर बेतू शकतं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. जीवरसायनशास्त्र पाठ करून पास होता येतं, पण वॉर्डात या गोष्टी समजलेल्याच असाव्या लागतात.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजी जमेल का?

जमेल. पहिलं वर्ष जड जाईल. पुस्तकं, परीक्षा, केस पेपर सगळं इंग्रजीत असतं, त्यामुळे वैद्यकीय शब्दांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

पण रुग्ण मराठीत बोलतो, हे विसरू नका. बीडकडची मावशी ‘कोरड्यास’ म्हणाली, कोकणातली आजी ‘पेज’ म्हणाली, विदर्भातले काका ‘आलन’ म्हणाले, तर तुम्हाला ते कळतं. इंग्रजी माध्यमातून आलेल्या माझ्या हुशार इंटर्न इथे अडखळतात आणि तुम्ही पुढे जाता.

इंटर्नशिपमध्ये नक्की काय करतात? तीन महिने की सहा?

कालावधी अभ्यासक्रमानुसार बदलतो. सहा महिने मिळत असतील तर सहाच करा. प्रमाणपत्रापुरती इंटर्नशिप कुठूनही मिळते, तिच्या मोहात पडू नका. आहारतज्ज्ञ घडते ती याच महिन्यांत, म्हणून या उत्तराला मी जरा जास्त जागा घेते.

दिवस स्वयंपाकघरातून सुरू होतो. सकाळी साडेसहा-सातला चहा-नाश्त्याच्या ट्रॉल्या निघतात. त्याआधी कुणाला साधा आहार, कुणाला मऊ, कुणाला पातळ, कुणाला बिनमिठाचा, कुणाला मधुमेहाचा, याची यादी तपासायची. रात्रीत दाखल झालेले नवे रुग्ण जोडायचे. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्यांची नावं काढायची, नाहीतर त्यांना पोहे जातात आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. नळीवाटे द्यायचा आहार कसा गाळतात, किती पातळ असावा, किती तासांत संपवावा, भांडी कशी निर्जंतुक करायची, हे सगळं उभं राहून शिकायचं असतं. स्वयंपाकघरातल्या मावशी-काकांशी सन्मानाने वागा. कुठल्या वॉर्डातली ताटं भरलेली परत येतात हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं.

मग वॉर्डचा राउंड. रुग्णाचं वजन, उंची, दंडाचा घेर, रक्ताचे अहवाल, अंगावरची सूज, आणि काल दिवसभरात त्याने काय खाल्लं. या शेवटच्या प्रश्नाला आम्ही चोवीस तासांची आठवण म्हणतो. सोपा वाटतो, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘दोन भाकरी’ म्हणजे किती? सोलापूरकडची भाकरी आणि मुंबईच्या गिरगावातली भाकरी यांत दुपटीचा फरक पडतो. मी इंटर्नना पीठ तोलून वेगवेगळ्या आकाराच्या भाकऱ्या थापायला लावते. ज्वारीच्या १०० ग्रॅम धान्यात साधारण १० ग्रॅम प्रथिनं हे कोष्टकात आहे, पण समोरच्या बाईच्या भाकरीला पीठ किती लागतं ते कोष्टकात नाही. तेलाचंही तसंच. ‘भाजीत तेल किती घालता?’ विचारलं तर सगळ्या जणी ‘थोडंच’ म्हणतात. त्याऐवजी ‘महिन्याला किती किलो तेल आणता आणि घरात जेवणारी माणसं किती?’ असं विचारा. भागाकार खरं बोलतो. चहा, त्यातली साखर, शेंगदाण्याचं कूट, देवळातला प्रसाद आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी यांबद्दल वेगळं विचारावं लागतं, कारण लोक यांना जेवणात धरतच नाहीत.

माझ्या इंटर्नशिपमधली एक चूक मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. डायलिसिसच्या एका काकांना मी पोटॅशियम कमी असलेला तक्ता करून दिला होता. बटाटे-भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, पाणी टाकून द्यायचं, कुठली फळं टाळायची, सगळं लिहिलं होतं. दोन दिवसांनी त्यांचं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला गेलं आणि रात्री तातडीने डायलिसिस करावं लागलं. त्यांचा मुलगा रोज संध्याकाळी प्रेमाने शहाळं आणत होता, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. आजारी माणसाला शहाळं द्यावं हे आपल्याकडे घराघरात पक्कं आहे, आणि माझ्या तक्त्यात शहाळ्याचा उल्लेखच नव्हता. मी रुग्णाशी बोलले होते, डबा आणणाऱ्या माणसाशी नाही. काका वाचले. तेव्हापासून तक्ता देताना नातेवाईक समोर नसेल तर मी थांबते, किंवा परत येते.

इंटर्नशिपमध्ये किमान एवढे विभाग हाताखालून जायलाच हवेत: मधुमेह, मूत्रपिंड, हृदय, यकृत आणि पोट, कर्करोग, बालरोग, प्रसूती, आणि आयसीयू. एखाद्या ठिकाणी तुम्हाला सहा महिने फक्त बाह्यरुग्ण विभागात छापील तक्ते वाटायला बसवत असतील तर बोला. बोलूनही बदल झाला नाही तर जागा बदला.

आरडी म्हणजे काय? ती परीक्षा द्यावीच लागते का?

आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही १९६३ मध्ये स्थापन झालेली आपली व्यावसायिक संघटना. तिच्या नोंदणी मंडळाची ही परीक्षा आहे. ती देण्यासाठी संबंधित विषयातलं पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि संघटनेचं सदस्यत्व लागतं. कागदपत्रांचे बारकावे बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत सूचना शब्दन् शब्द वाचा. इंटर्नशिपचं पत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर, तारखांसह, सही-शिक्क्यानिशी त्याच वेळी घेऊन ठेवा. तीन वर्षांनी ते मागायला गेलात तर सही करणाऱ्या मॅडम निवृत्त झालेल्या असतात.

आरडी नसताना नोकरी मिळते का? मिळते. तरीही द्या. चांगल्या रुग्णालयांच्या जाहिरातीत ‘आरडीला प्राधान्य’ असतं. परीक्षेमुळे सगळा अभ्यास पुन्हा एकदा होतो, आणि नंतर नूतनीकरणासाठी परिषदा, कार्यशाळा यांचे गुण मिळवावे लागत असल्यामुळे वाचनही सुरू राहतं. मुंबई, पुणे, नागपूर इथे संघटनेच्या शाखा आहेत. विद्यार्थी असतानाच त्यांच्या कार्यक्रमांना जायला लागा. १० जानेवारीला आहारशास्त्र दिन साजरा होतो, ओळखी करून घ्यायला तो दिवस चांगला.

नवा कायदा आलाय म्हणतात. त्याने काय बदललं?

पुष्कळ, आणि अजून बदलतंय. २०२१ मध्ये संसदेने ‘राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा’ मंजूर केला. फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री यांच्यासोबत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञही त्याच्या परिशिष्टात आहेत. केंद्रात आयोग, राज्यात परिषद आणि व्यावसायिकांची अधिकृत नोंदवही अशी त्याची रचना आहे. डॉक्टरांना आणि नर्सना अशी वैधानिक नोंदणी अनेक दशकांपासून आहे. आम्हाला ती मिळायला २०२१ उजाडलं.

या कायद्यात ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवण्यासाठी पदवीचं शिक्षण किमान ३६०० तासांचं, तीन ते सहा वर्षांत पसरलेलं असावं असं म्हटलंय. २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशभरासाठी एकसारखे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यांत पोषण व आहारशास्त्रही आहे. यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी कॉलेजला लेखी विचारावं: तुमचा अभ्यासक्रम या राष्ट्रीय अभ्यासक्रमाप्रमाणे आहे का, आणि इथून शिकल्यावर राज्य परिषदेत नोंदणी मिळेल का? तोंडी ‘हो हो, होऊन जाईल’ यावर विसंबू नका.

दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी चालेल का?

आता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. त्यात अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन-डाएटेटिक्स स्पष्टपणे आलेत. याआधी कितीतरी जणींनी, विशेषतः लग्न होऊन लहान गावात गेलेल्यांनी, इग्नूमधून एम.एस्सी. पूर्ण केली. त्यातल्या काही जणी माझ्या ओळखीतल्या सर्वोत्तम आहारतज्ज्ञ आहेत. निर्णयामागचं कारण मला पटतं, नळीवाटे आहार द्यायला पडद्यावर शिकता येत नाही. पण गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या मुलीसाठी जवळ नियमित कॉलेज नसताना एक दार बंद झालं, याची खंतही वाटते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने जिल्ह्याजिल्ह्यात हे शिक्षण सुरू व्हायला हवं.

मग सहा आठवड्यांचे सर्टिफिकेट कोर्स?

आधीच पात्र असलेल्या व्यक्तीला मधुमेह शिक्षण, क्रीडा पोषण अशा विषयांत ते उपयोगी पडतात. पात्रता म्हणून त्यांची किंमत शून्य. ‘सर्टिफाइड डाएटिशियन व्हा, घरबसल्या कमवा’ अशा जाहिरातीला पैसे देऊ नका.

मुलांनी या क्षेत्रात यावं का? सगळ्या मुलीच दिसतात.

जरूर यावं. गृहविज्ञान महिला महाविद्यालयांतून वाढलं म्हणून चित्र तसं झालं. प्रवेश घेण्याआधी ते कॉलेज फक्त मुलींसाठी आहे का एवढं पाहा.

वय पस्तीस आहे, मुलं शाळेत जातात. आता सुरू करू का?

मूळ पदवी याच विषयातली असेल आणि मधे खंड पडला असेल तर निःशंक करा. माझ्या सोबत इंटर्नशिप केलेल्यांत चाळिशीच्या एक ताई होत्या. रुग्ण त्यांच्याशी जितकं मोकळं बोलत तितकं आम्हा पोरींशी बोलत नसत. वेगळ्या विषयातली पदवी असेल तर मात्र पदवीपासून सुरुवात करावी लागेल. पाच-सहा वर्षं जातील. घरात बसून हा हिशेब सगळ्यांसमोर मांडा आणि मग ठरवा.

नोकरी कुठे मिळते?

खासगी रुग्णालयं सगळ्यात जास्त घेतात. रुग्णालयाला दर्जाचं मानांकन हवं असेल तर रुग्णांचं पोषण तपासण्याची व्यवस्था दाखवावी लागते, त्यामुळे मध्यम रुग्णालयांतही आता आहारतज्ज्ञाची खुर्ची असते. महापालिकेची आणि सरकारी रुग्णालयं, कर्मचारी विमा, रेल्वे, एम्स इथे जागा कमी निघतात, पण निघतात. आरोग्य विभागाच्या जाहिरातींत ‘आहारतज्ज्ञ’ हे पद शोधत राहा.

एका कामाकडे विद्यार्थ्यांचं लक्षच जात नाही: राष्ट्रीय आरोग्य अभियानाची पोषण पुनर्वसन केंद्रं. मेळघाट, नंदुरबार, पालघर अशा भागांत तीव्र कुपोषित मुलांना आईसह तिथे दाखल करतात. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं मूल कडेवर घेऊन आई येते. आधी भूक तपासायची, मग १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असलेला एफ-७५ आहार थोडा थोडा, दिवसरात्र, आणि मूल सावरलं की १०० कॅलरीचा एफ-१००. घाई करायची नाही. तिथे तुम्हाला कोरकू, भिली किंवा वारली बोलीतले चार शब्द शिकावे लागतील. आईची मजुरी बुडते म्हणून ती निघून जायला बघेल, तिला थांबवून घ्यावं लागेल. कंत्राटी नोकरी, पगार तुटपुंजा. पण तिथे वर्षभर काम केलेल्या आहारतज्ज्ञाला मी मुलाखतीत कुणाहीपेक्षा वर ठेवते.

एकात्मिक बाल विकास योजनेतली अधिकारीपदं, शाळा-कॉलेजांतलं अध्यापन, अन्न कंपन्या, क्रीडा अकादमी याही वाटा आहेत.

पगार किती मिळतो? खरं सांगा.

सुरुवातीला कमी. शिक्षणाच्या वर्षांच्या मानाने अन्यायकारक म्हणावा इतका कमी. त्याच शहरातल्या दोन रुग्णालयांत दुपटीचा फरक असतो, म्हणून मी आकडा देत नाही. रुजू होण्याआधी तिथे काम करणाऱ्या व्यक्तीला विचारा. आयसीयू, मूत्रपिंड, कर्करोग किंवा बालरोग यांपैकी एका शाखेत तीन-चार वर्षांचा पक्का अनुभव घेतला की परिस्थिती सुधारते. पगार न देता ‘अनुभव मिळेल’ म्हणून वर्षभर राबवून घेणाऱ्या जागा सोडून द्या. इंटर्नशिप संपली की तुमचं काम हे काम आहे.

थेट स्वतःचं क्लिनिक काढलं तर?

दोन-तीन वर्षं रुग्णालयात काढा आणि मग काढा. क्लिनिकमध्ये ‘वजन कमी करायचंय’ म्हणून आलेल्या बाईंना थायरॉइड आहे, मधुमेहाची गोळी चालू आहे आणि चतुर्थीचा उपास कडक आहे, हे तुम्ही नाही विचारलं तर कोण विचारणार? उपासाच्या दिवशी काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते. असे प्रश्न विचारायची सवय वॉर्डात लागते. गोळीचा डोस आपण बदलायचा नाही, डॉक्टरांना चिठ्ठी लिहायची, ही मर्यादाही तिथेच कळते.

आणि तक्ता समोरच्या माणसाचा असू द्या. ऊसतोडीला जाणाऱ्या, मधुमेहाचं इंजेक्शन घेणाऱ्या माणसाच्या हातात ओट्स आणि ऑलिव्ह ऑइल लिहिलेला कागद मी पाहिलाय. त्याने तो घडी घालून जपून ठेवला होता, आणि त्यातलं एकही अक्षर त्याच्या उपयोगाचं नव्हतं. पहाटे कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, बांधून घेतलेली बाजरीची भाकरी, सोबत मटकी किंवा हुलगे, कांदा, ताक मिळालं तर ताक, इंजेक्शनची वेळ फडावरच्या कामाशी जुळवलेली. त्याला हे लिहून द्यायला हवं होतं.

परदेशात ही पदवी चालते का?

आपोआप नाही. ब्रिटनमध्ये ‘डायटिशियन’ हे नाव कायद्याने संरक्षित आहे आणि एच.सी.पी.सी. या संस्थेकडे नोंदणी लागते. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणी परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. त्याशिवाय तिथल्या मान्यताप्राप्त कार्यक्रमातून देखरेखीखालचं प्रशिक्षणही लागतं. ऑस्ट्रेलियात परदेशी पात्रतेची छाननी आणि परीक्षा असते, कॅनडात प्रांतानुसार नियम बदलतात. आखातात कागदपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी होते, मग परवान्याची परीक्षा, उदाहरणार्थ दुबईत तिथल्या आरोग्य प्राधिकरणाची, म्हणजे डी.एच.ए.ची. म्हणून प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील आणि इंटर्नशिपचे तास यांची कागदपत्रं जपून ठेवा. लग्न होऊन परदेशी गेलेल्या मुलींचं घोडं बहुतेकदा या कागदांपाशी अडतं. नावात बदल झाला असेल तर तो कागदही सोबत ठेवा.

आत्तापासून काय तयारी करू?

राष्ट्रीय पोषण संस्थेची तीन प्रकाशनं हाताशी ठेवा: २०१७ ची भारतीय अन्नघटक कोष्टकं, २०२० ची पोषकांच्या शिफारशींची यादी आणि २०२४ ची आहार मार्गदर्शक तत्त्वं. कोष्टकांत ५२८ भारतीय पदार्थांचं पृथक्करण आहे. परदेशी ॲपमधले आकडे आपल्या वरईला, नाचणीला, अळूला लागू पडतीलच असं नाही.

घरात एक छोटा वजनकाटा आणा. आठवडाभर घरातल्या एका माणसाचं सगळं खाणं तोलून, लिहून पाहा. आजी असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. दात नसलेली, गोड आवडणारी, उपास करणारी आजी तुम्हाला पहिल्या वर्षाच्या पुस्तकाहून जास्त शिकवेल. आणि शक्य असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात जेवणाच्या वेळी एकदा जाऊन या. परवानगी घेऊन, ट्रॉलीमागे चालत, कोण काय खातंय आणि कोण ताट तसंच ठेवतंय ते पाहत.